माळ्यावरील गिटारीचा जीर्णोद्धार

इंदुरातील जुन्या मराठी घराच्या माळ्यावर तांब्याचा बंब, लग्नात आलेली व कधीच न उघडलेली लेमन सेटची खोकी आणि गवसणीतली एक गिटार या वस्तू सहसा एकमेकींच्या सहवासात आढळतात. त्यांपैकी बंबाला मोडीत किंमत येते, लेमन सेट पुढच्या लग्नात पुढच्या घरी जातो, आणि गिटार मात्र ‘एकदा नीट करून घ्यायची आहे’ या वाक्याच्या आधारावर वर्षानुवर्षे तेथेच राहते. ती कचऱ्याच्या गाडीत का जात नाही, याचे उत्तर संगीतप्रेमात शोधण्यापेक्षा महापालिकेच्या वर्गीकरणात शोधणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल. राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून सलग अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या या शहरात कचरा ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक आणि घरगुती घातक अशा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो, आणि सकाळी गाणे वाजवत गाडी दारात आली की ही विभागणी काही क्षणांत उरकायची असते. गिटारीचा देह लाकडाचा, तारा पोलादाच्या, खुंट्यांची बोंडे प्लास्टिकची आणि पोटात कोणी पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारा तुकडा, चिकटवला असेल तर काही भाग इलेक्ट्रॉनिकही. तेव्हा ती कोणत्या डब्यात टाकावी यावर घरात एकमत होईपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत गेलेली असते.

अशा रीतीने वाचलेले वाद्य कधी ना कधी दुरुस्तीच्या विचारापर्यंत पोहोचतेच, आणि तेथे अभ्यासकाच्या ध्यानात एक महत्त्वाची गोष्ट येते: जुन्या गिटारीतील प्रत्येक बिघाडाला एक कारण असते आणि एक सबब असते. कारण लाकडात, धातूत किंवा डिंकात असते व ते कारागिराने शोधायचे असते. सबब कुटुंबात असते, आणि त्या बिघाडामुळे घरातील कोणीतरी गिटार शिकणे कसे सोडले हे ती सांगते. दुरुस्तीच्या ग्रंथांत केवळ कारणांचा विचार झालेला असल्याने ते शास्त्र अपुरे राहिले आहे.

दुरुस्तीपूर्वी वाद्याचा कालखंड निश्चित करावा लागतो, कारण त्यावर उपचार अवलंबून असतो. इंदुरी गिटारींचे स्थूलमानाने तीन कालखंड पाडता येतात. पहिला हवाई गिटारीचा. या पद्धतीत वाद्य मांडीवर आडवे ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवली जाते, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड सहज निघते, आणि मींड निघाली की आपल्याकडचा श्रोता बाकीचे पुष्कळ गुन्हे माफ करतो. ब्रिजभूषण काबरा यांनी शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली केलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेने या गिटारीला रागसंगीताच्या बैठकीत जागा मिळवून दिली, आणि विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेने १९९४ साली तिला ग्रॅमीपर्यंत नेले. दुसरा कालखंड चित्रपटीय. ‘यादों की बारात’ (१९७३), ‘कर्ज’ (१९८०) आणि ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) या तीन चित्रपटांनी गिटार हातात घेतलेल्या तरुणाकडे जग कोणत्या नजरेने पाहते हे दाखवून दिले, आणि ती नजर आपल्याकडेही वळावी म्हणून अनेक भविष्यनिर्वाह निधींना खिंडार पडले. तिसरा कालखंड अभियांत्रिकी. १९५२ साली स्थापन झालेल्या गोविंदराम सेकसरिया संस्थेपासून पुढे शहराभोवती उगवलेल्या महाविद्यालयांच्या वसतिगृहांत गिटार पहिल्या सत्रात विकत घेतली जाते, दुसऱ्या सत्रात तिच्यावर स्टिकर चिकटवले जातात, आणि अभियांत्रिकी गणिताचा निकाल लागल्यावर ती घरी पाठवली जाते.

हा काळनिर्णय चुकला तर काय होते याचे एक ठळक उदाहरण म्हणजे तारांची उंची. हवाई पद्धतीच्या गिटारीत तारा पडद्यांपासून मुद्दाम उंच, सुमारे १ सेंटिमीटर वर ठेवलेल्या असतात, कारण पोलादी कांडी पडद्यांना लागता कामा नये; येथे पडदे म्हणजे मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या, ज्यांना सतारीतही हेच नाव आहे. अशी गिटार चित्रपटीय कालखंडातील पुतण्याच्या हाती पडली, त्याने ती बोटांनी दाबून वाजवण्याचा प्रयत्न केला आणि आठवडाभरात बोटांना फोड आणून ‘वाद्यच खराब आहे’ असा निष्कर्ष काढला, ही घटना अनेक घरांच्या इतिहासात नोंदलेली आढळते. या प्रकरणी सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे पुतण्याला गिटारीची जात समजावून सांगणे. तिला खर्च येत नाही, परंतु त्यामुळे पुतण्याची सबब नष्ट होते, म्हणून ती सहसा लोकप्रिय होत नाही.

कालखंडानंतर कुळाचा प्रश्न येतो. इंदुरात सापडणाऱ्या जुन्या गिटारींत कोलकात्याच्या ‘गिव्हसन’सारख्या देशी बनावटीचा भरणा मोठा असून, हे नाव दुरून वाचणाऱ्यास अमेरिकेच्या गिब्सनचे स्मरण होते, आणि जवळून वाचणाऱ्यासही ते व्हावे अशी घरमालकाची इच्छा असते. या स्वस्त गिटारींचा देह बहुधा प्लायवूडचा असतो, म्हणजे लाकडाचे पातळ थर रेषा एकमेकींना काटकोनात ठेवून चिकटवलेले असतात, तर महागड्या गिटारीची तबली, म्हणजे छिद्र असलेला पुढचा पृष्ठभाग, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या अखंड फळीची असते. अखंड फळी अधिक मोकळी कंप पावते व तिचा आवाज गोड असतो. परंतु माळव्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्यास तीच फळी उभी तडकते, आणि प्लायवूड आपल्या हलक्या कुळाच्या बळावर तीस उन्हाळे काढून पुन्हा सेवेस हजर होते. कुळाच्या बाबतीत नियतीने आणखी एक थट्टा केलेली आहे. पेनसिल्व्हेनियातील मार्टिन या १८३३ साली सुरू झालेल्या नामांकित कंपनीने ब्राझीलचे शिसवी लाकूड दुर्मीळ झाल्यावर १९६९ पासून भारतीय शिसवीचा वापर सुरू केला. परिणामी भारतातले उत्तम शिसवी लाकूड अमेरिकेत जाऊन गिटार होते, आणि भारतातली गिटार भारतातल्या प्लायवूडची राहते. घरातील शिसवी लाकूड जेथे खरोखर असते तो आजोबांचा पलंग असतो, आणि त्याला तारा लावण्याची सूचना अद्याप कोणी केलेली नाही.

प्रत्यक्ष कामाची पहिली पायरी उत्खननाची असते. तबलीवरील गोल छिद्रातून आत हात जात नसल्याने वाद्य उलटे धरून हलवावे लागते, आणि मग बाहेर पडणारे अवशेष थरांच्या क्रमाने वाचता येतात: वरच्या थरात झुरळांचे पंख व डांबराच्या गोळ्या, मधल्या थरात हरवलेल्या नख्या, म्हणजे तार छेडण्याचे त्रिकोणी तुकडे, आणि तळाशी २५ पैशांचे नाणे. हे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालेले असल्याने ते सापडल्यास गिटार त्यापूर्वी आडवी पडली होती असे अनुमान निघते, आणि घरातील मंडळी ‘परवापरवापर्यंत वाजवत होतो’ असे जे सांगतात त्याची पडताळणी होते. कित्येकदा एखादी चिठ्ठीही निघते. ती कोणी कोणास लिहिली हे न पाहता संबंधित काकांच्या हाती द्यावी, असा या क्षेत्रातील संकेत आहे.

दुसरी पायरी तज्ज्ञाच्या निवडीची. इंदुरात या कामासाठी तीन प्रकारचे तज्ज्ञ उपलब्ध असतात. पहिला सुतार, जो वाद्य हातात घेऊन चहूबाजूंनी पाहतो, टिचकी मारतो आणि ‘हो जाएगा, भिया’ असे म्हणतो. या उत्तरात काम, खर्च, मुदत आणि हमी या चारही गोष्टींचा समावेश होत असल्याने पुढे लेखी अंदाजपत्रक मागणे असभ्यपणाचे समजले जाते. दुसरा पेटी-तबल्याचा कारागीर, ज्याचे हात अचूक आणि कान त्याहून अचूक असतात, परंतु ज्याच्या मनात गिटारीविषयी एक मूक करुणा असते. तिसरा म्हणजे घरातील भाचा, ज्याने या विषयावरील असंख्य चित्रफिती पाहिलेल्या असतात आणि जो पहिल्याच दिवशी सियागंजातून पान्यांचा संपूर्ण संच घेऊन येतो. अनुभव असा की सुताराला लाकूड कळते, कारागिराला सूर कळतो आणि भाच्याला गिटार कळते. तिघांना एका खोलीत बसवून चहा देता आला तर एक पूर्ण तज्ज्ञ तयार होतो.

कारणांच्या मुळाशी तारांचा ताण असतो. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांची एकत्रित ओढ सुमारे ७० किलो भरते, म्हणजे एक प्रौढ गृहस्थ त्या पातळ तबलीला धरून रात्रंदिवस लोंबकळत राहावा, आणि सकाळी पोहे-जिलबीसाठीसुद्धा त्याने हात सोडू नये, अशी ही अवस्था असते. तबलीच्या आतल्या बाजूस फुलीच्या आकारात लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात त्या याच भाराला तोंड देण्यासाठी. तरीही वर्षानुवर्षांच्या ओढीने मान पुढे वाकते, तबलीचे पोट सुटते आणि तारा पडद्यांपासून दूर जातात. चांगल्या स्थितीतील गिटारीत बाराव्या पडद्यावर तारेची उंची २ ते २.५ मिलिमीटर असते. माळ्यावरून उतरलेल्या गिटारीत ती ५ मिलिमीटरपर्यंत गेलेली असते, आणि ‘बोटे फार दुखायची म्हणून सोडले’ ही घरोघरी ऐकू येणारी सबब मोजपट्टीने सिद्ध करता येते. म्हणूनच वाद्य माळ्यावर टाकताना तारा सैल कराव्यात असे जाणकार सांगतात. पण माळ्यावर टाकणाऱ्या प्रत्येकाला ते पुढच्याच रविवारी काढायचे असते, त्यामुळे तारा ताठ राहतात.

वाकलेली मान सरळ करण्याची सोय गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकात प्रचारात आणली: मानेच्या पोटात एक पोलादी कांब बसवायची आणि तिच्या टोकाची चकती पान्याने फिरवून मानेचा बाक कमीजास्त करायचा. ही चकती एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि फिरवल्यावर लाकडाला स्थिरावण्यास वेळ द्यावा, असा नियम आहे. मानवी स्वभाव मात्र असा की पाव फेऱ्याने फरक दिसला नाही तर पूर्ण फेरा द्यावा, आणि ‘कट्’ असा आवाज आला तर पान्याच्या संचाची पावती शोधावी. अनेक स्वस्त जुन्या गिटारींत ही कांब मुळात नसतेच. तेथे मान देहाला जेथे स्क्रूने जोडली आहे तेथे लाकडाची पातळ पाचर घालून तिचा कोन बदलतात, आणि हे काम भाच्यापेक्षा सुताराला चांगले जमते, कारण दारे-खिडक्यांच्या रूपाने त्याने आयुष्यभर तेच केलेले असते.

डिंकाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुने वाद्यकार सरस वापरत. जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला हा पदार्थ ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा मऊ होतो, त्यामुळे सांधा न मोडता उघडता येतो आणि पुढच्या पिढीला दुरुस्तीची संधी मिळते. गृहस्थाश्रमात मात्र प्रत्येक तुटक्या वस्तूवर पांढरा डिंक ओतण्याची प्रथा असून, तो कपाटाला उत्कृष्ट असला तरी सततच्या ओढीखाली हळूहळू सरकू शकतो, आणि एकदा वाळला की त्याच्या थरावर नवा डिंक नीट धरत नाही. त्यामुळे जुन्या गिटारीवर काम करणाऱ्याचा अर्धा वेळ मूळ बिघाड दुरुस्त करण्यात आणि उरलेला आधीची दुरुस्ती दुरुस्त करण्यात जातो. सांधा नव्याने चिकटवल्यावर तो रात्रभर दाबून धरण्यासाठी क्लँप, म्हणजे आवळता येणारे पकडयंत्र, लागते. ते नसल्यास मराठी घरात एक पर्यायी व्यवस्था परंपरेने उपलब्ध आहे: श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड. हे खंड अशा कामासाठी बाहेर निघाले म्हणजे त्यांच्यावरची धूळही झटकली जाते, आणि सांधा वाळेपर्यंत कोणीतरी वरचा खंड चाळतो, ही ज्ञानप्रसाराची एक दुर्लक्षित शाखा होय.

यानंतर घोडीचे प्रकरण येते, आणि ते विशेष विस्ताराने पाहण्याजोगे आहे. घोडी म्हणजे तबलीवरची ती आडवी पट्टी जिच्यावरून तारा जातात. काही गिटारींत ती चिकटवलेली असते. परंतु अनेक जुन्या देशी गिटारींत तारा देहाच्या टोकाशी असलेल्या धातूच्या पट्टीला अडकवलेल्या असतात आणि घोडी केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभी असते. अशी घोडी तारा काढताच निखळून हातात येते, आणि ती परत नेमकी कोठे ठेवायची हे तबलीवर लिहिलेले नसते. दिवाळीच्या साफसफाईत एखाद्या आत्याने गिटार मनापासून पुसली, घोडी खाली उतरवून घासली आणि नजरेला बरी दिसेल अशा ठिकाणी पुन्हा बसवली, तर त्या घरातील गिटारवादनाचा इतिहास त्या दिवशी संपतो. घोडी आणि मानेच्या टोकाची पट्टी यांतील अंतर साधारण ६५० मिलिमीटर असते व बारावा पडदा त्याच्या बरोबर मध्यावर असावा लागतो, कारण तार अर्ध्यावर दाबली की वरच्या सप्तकातला तोच स्वर निघतो. घोडी १ सेंटिमीटर मागे गेली तर हा स्वर सुमारे पाव अर्धस्वराने, म्हणजे सप्तकाच्या बावीस श्रुती मानल्यास सरासरी श्रुतीच्या जवळपास निम्म्याने उतरतो, आणि मग मोकळी तार सुरात लावली तरी दाबलेली तार बेसूर, दाबलेली लावली तर मोकळी बेसूर, असे चक्र सुरू होते. ‘सर चांगले होते, पण सूरच लागेना’ ही सबब देणारे काका वीस वर्षे खोटे ठरवले गेले असतील, तर घोडी मोजून त्यांची सन्मानपूर्वक मुक्तता करणे हे कारागिराचे नैतिक कर्तव्य आहे. आत्याचे नाव मात्र अहवालात घेऊ नये.

उपाय सोपा आहे: बाराव्या पडद्यावर तारेला बोटाने हलका स्पर्श करून निघणारा स्वर आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर एकमेकांशी जुळेपर्यंत घोडी पुढेमागे सरकवायची. जाड तारा दाबल्यावर अधिक चढत असल्याने घोडी किंचित तिरपी ठेवावी लागते, आणि ही तिरपी जागा पेन्सिलीने तबलीवर आखून ठेवावी, म्हणजे पुढची दिवाळी निर्धोक जाते.

पडद्यांची झीज हा नंतरचा टप्पा. पडदे ज्या धातूचे असतात त्याला बाजारात जर्मन सिल्व्हर म्हणतात. तो तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी नसते, आणि हे सत्य इंदुरी गृहिणींना अत्तरदाणीच्या निमित्ताने फार पूर्वीच कळलेले आहे. झिजलेले पडदे एका पातळीत आणण्यासाठी त्यांच्या माथ्यावर मार्करची शाई लावून वरून सपाट कानस फिरवतात. शाई जेथून निघाली तो पडदा उंच आणि जेथे राहिली तो ठेंगणा, हे कळले की सर्वांवरून शाई निघेपर्यंत घासत जायचे व मग प्रत्येकाचा माथा पुन्हा गोल करायचा. मानेच्या टोकाशी असलेल्या हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीत तारांसाठी खाचा पाडाव्या लागतात. पहिली तार ०.३ मिलिमीटर आणि सहावी १.३ मिलिमीटरच्या आसपास जाड असल्याने या खाचांना सोनारकामाच्या बारीक कानशी लागतात, आणि त्या शोधत माणूस सराफ्यात पोहोचतो. दिवसा सोन्याचांदीची आणि रात्री भुट्ट्याच्या किसाची अशी दुहेरी ख्याती असलेल्या या बाजारात कानशी दुकाने बंद होण्यापूर्वी घ्याव्यात. नंतर गेल्यास मनुष्य तृप्त होऊन परततो, परंतु खाचा तशाच राहतात.

पडदे असमान असले की तार पुढच्या पडद्याला घासून झणझण असा आवाज करते, आणि या झणझणीवरच इंदुरी घरात दोन पिढ्यांचा खरा मतभेद उभा राहतो. तंबोऱ्याची घोडी मुद्दाम सपाट-उतरती घासलेली असते, तार तिच्या पृष्ठाला हलकेच स्पर्श करत कंप पावते आणि त्यातून स्वरांतर्गत उपस्वर फुलून येतात; याला जवारी म्हणतात, आणि ती साधण्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांची कीर्ती आहे, ज्यांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे जो आवाज काढण्यासाठी मिरजेचा कारागीर दिवसभर घोडी घासतो, तोच आवाज घालवण्यासाठी गिटारीचा कारागीर दिवसभर पडदे घासतो. पेटी-तबल्याच्या कारागिराकडे गिटार दिली आणि परत आली तेव्हा ती अधिकच झणझणू लागली, तर त्याने काम बिघडवले असे समजण्याची घाई करू नये; त्याच्या परीने त्याने वाद्यावर उपकार केलेले असतात.

येथे शहराच्या कानांचा विचार करणे भाग आहे. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली या शहरात झाला, उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीला याच शहराचे नाव मिळाले, आणि रामूभैया दाते यांच्या घरी मोठमोठे गवई गायला येत ते एका जाणत्या श्रोत्याची दाद मिळावी म्हणून. रसिकतेची अशी वंशपरंपरा असलेल्या शहरात गाणारे थोडे आणि गाण्यातली चूक ओळखणारे पुष्कळ असतात, आणि ते चूक दाखवताना तोंडाने काही बोलत नाहीत, केवळ सुपारी कातरायची थांबवतात. अशा वातावरणात बिघडलेली गिटार ही घरातील वादकाची अब्रू राखणारी वस्तू ठरते. ती नादुरुस्त आहे तोवर काका एकेकाळी फार सुंदर वाजवत असत, भाचा वेळ मिळाला तर आजही वाजवू शकतो, आणि या विधानांची परीक्षा होण्याची शक्यता नसते. दुरुस्ती जसजशी पुढे जाते तसतशी बोटांच्या दुखण्याची, न लागणाऱ्या सुराची, झणझणणाऱ्या पडद्यांची अशा सबबी एकेक करून गळून पडतात. काम संपत आले की मालकाच्या चेहऱ्यावर आनंदाऐवजी चिंता दिसू लागते, हे पुष्कळ कारागिरांना कोडे वाटत आलेले आहे.

ऋतूंचा आधार मालकाला काही काळ मिळतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत मानेचे लाकूड आकसते, पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला बोचतात आणि तबली खाली बसून तारा झणझणतात. जुलैत हवा दमट झाली की तबली फुगते व तारा उंच जातात. हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, असे गिटारीचे पथ्य आहे, आणि माळव्यात उन्हाळ्यात हवा त्याच्या खाली व पावसाळ्यात वर असते. ‘पाऊस थांबू द्या, मग वाजवतो’ आणि ‘उन्हाळा सरू द्या, मग बघू’ या दोन वाक्यांत वर्षाचे पुष्कळ महिने निघतात. पण माळव्यात हिवाळाही असतो, आणि दिवाळीनंतरच्या एखाद्या संध्याकाळी, हवा समशीतोष्ण असताना, नव्या तारा चढवलेली, चपडा लाखेच्या स्पिरिट पॉलिशने चमकणारी, सर्व सुरांना लागलेली गिटार पाहुण्यांच्या देखत मालकाच्या मांडीवर ठेवली जाते आणि ‘काहीतरी होऊन जाऊ द्या’ असा आग्रह सुरू होतो.

या प्रसंगी ध्वनिशास्त्र मदतीला येते. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसवलेले असतात; त्यामुळे कोणत्याही पट्टीत वाजवता येते, परंतु बदल्यात प्रत्येक स्वराला थोडीशी तडजोड करावी लागते. सर्वांत मोठ्या तडजोडींपैकी एक शुद्ध गांधाराच्या वाट्याला येते: तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणाऱ्या नैसर्गिक गांधारापेक्षा गिटारीचा गांधार अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. पेटीही अशाच ठरीव स्वरांची असल्यामुळे तिच्याविरुद्ध जे आक्षेप घेतले गेले, त्यांतूनच ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला नभोवाणीवर बंदी घातली आणि ती दशकानुदशके टिकली. हा दोष मानेत नाही, डिंकात नाही, घोडीत नाही. तो वाद्याच्या रचनेतच असल्याने सुतार, कारागीर आणि भाचा या तिघांनाही तो दूर करता येत नाही. सर्व सबबी हरवून बसलेल्या मालकाच्या दृष्टीने हा गांधार म्हणजे कारागिरांच्या तावडीतून सुटलेली एकमेव आणि शिवाय सर्वांत भारदस्त सबब होय.

म्हणून इंदुरात पूर्णपणे दुरुस्त झालेल्या गिटारीचा मालक बहुधा वादक होण्याऐवजी श्रुतिशास्त्राचा अभ्यासक होतो. तो वाद्य मांडीवर घेतो, एक तार छेडतो, डोळे मिटतो, मान हलवतो, आणि गांधार चढा असल्यामुळे संस्कारी कानाला हे वाद्य सोसत नाही, हे पाहुण्यांना सोदाहरण समजावून सांगतो. विवेचन शास्त्रशुद्ध असते, त्यात अमीर खाँ साहेबांच्या मेरुखंडाचा यथोचित उल्लेख येतो, आणि शेवटी गिटार भिंतीला टेकवून कांदाभजी मागवली जातात. उपस्थित रसिक मंडळी या मतास एकमुखाने संमती देतात असे आढळून आलेले आहे. कारण ते नाकारल्यास वादन ऐकावे लागते, आणि कारागिराने सबबी दूर केल्या असल्या तरी वादनाची दुरुस्ती त्याच्या कामात धरलेली नसते, हे त्यांना ठाऊक असते.